हळदीचा ळ

अक्काचा फोन आला तेव्हा मी वाळूजला, कारखान्यात, कुठल्याशा केसांच्या तेलाच्या लेबलाचं प्रूफ तपासत बसलो होतो. कसा आहेस नाही, जेवलास का नाही, थेट मुद्द्यावर. "आमच्या हळदीचं लेबल करायचंय. बाकी तुला काय करायचं ते कर, पण नाव सोनेरी पाहिजे. चमकी नको बरं. ते दाबलेलं असतंय ना, बोट फिरवलं की लागतंय, तसलं."

फॉइल स्टॅम्पिंग हा शब्द तिनं उच्चारला नाही. वस्तू मात्र बरोब्बर सांगितली. प्रेसवाल्याची लेक आहे शेवटी.

अक्का वसमतच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. घरची दीड एकर हळद, सेलम जातीची. बचत गटात अकरा बाया. आजवर ही हळद शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश करून पोत्यानं बाजारात जायची आणि तिथं तिचं नाव संपायचं. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि गावोगावच्या शिबिरांत ब्रँडिंग, पॅकेजिंग हे शब्द येऊ लागले. केंद्रानं 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना आणली होती, तिच्यात बचत गटाच्या सभासदामागे 40 हजारांपर्यंत बीजभांडवल मिळायचं. त्यातून दळायचं यंत्र आलं, पाऊच सील करायचं आलं. लेबल तेवढं राहिलं होतं आणि बायांचं त्याच्यावरून एकमत होतं. बचत गटात एकमत होणं ही काय चीज आहे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

मी म्हणालो, "अक्का, फॉइलला वेगळा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, लागतो, वेगळा खर्च आहे. साधं पिवळं छापू, छान दिसेल."

"पिवळं आमच्याकडं पोत्यानं पडलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आमचा प्रेस परभणीत होता, नानलपेठेच्या एका बोळीत. एक ट्रेडल, म्हणजे दाबून छापणारं जुनं छपाईयंत्र, एक कटिंग मशीन, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस आणि भिंतीवर मागच्या चार वर्षांची कॅलेंडरं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे अण्णा, आमचे वडील, प्रत्येक बिघडलेल्या फर्म्याला, म्हणजे खिळे जुळवलेल्या चौकटीला, उद्देशून म्हणायचे, आणि तो फर्मा काढून पुन्हा जुळवायला बसायचे. वर्षभर पावतीपुस्तकं, हँडबिलं, शाळांचे प्रगतिपत्रक. खरी कमाई लग्नसराईची. पत्रिकेवरचा गणपती आणि वधूवरांची नावं सोनेरी हवीत, ही अट तेव्हाही होतीच.

तेव्हाचं सोनं म्हणजे पूड. तांबं आणि जस्ताच्या मिश्रधातूची बारीक भुकटी, डब्यात मिळायची. सोनेरी हवी त्या जागी आधी चिकट वार्निश छापायचं. ते ओलं आहे तोवर कापसाचा बोळा पुडीत बुडवून कागदावरून फिरवायचा. वाळल्यावर उरलेली पूड झटकायची. हे झटकणं आम्हा भावंडांकडे असायचं. नाकातोंडात जायची, केसांत बसायची, अण्णांच्या नखांत तर आषाढ लागला तरी दिसायची. आई म्हणायची, घरात गुंजभर सोनं नाही आणि चादरी बघा कशा चमकायल्यात.

आणि ते टिकायचंही नाही. जुन्या ट्रंकेत माझ्या आत्याची पत्रिका आहे. तिच्यावरचा गणपती आता शेवाळी पडलाय, मुनीमजींच्या जुन्या पितळी पेनासारखा.

सोनेरी नावांवरून भांडणं व्हायची ती वेगळीच. मराठवाड्यातली पत्रिका वाचली असेल तर माहीत असेल, निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मामा मंडळी, समस्त अमुक परिवार, आणि खाली तालुक्यातले दोन-चार पुढारी. यातलं कोण सोनेरी आणि कोण काळं? एका लग्नात नवऱ्या मुलीचा थोरला मामा पत्रिका हातात घेऊन प्रेसवर आला होता. त्याचं नाव काळ्या शाईत होतं आणि धाकट्याचं, जो तेव्हा सोसायटीचा चेअरमन होता, सोनेरी. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या वाटच्या पन्नास पत्रिकांवर आम्ही दोघांनी बोळा फिरवून त्याचं नाव सोनेरी केलं. पैसे घेतले नाहीत. मामा निघताना एवढंच म्हणाला, "चार माणसांत वाटायची असतीय, मास्तर."

नव्वदच्या दशकात ऑफसेट आलं. खिळे भंगारात किलोवर गेले. मला वाटलं ट्रेडलही जाणार, पण ते वाचलं, आणि वाचवलं ते फॉइलनं. छपाईच्या धंद्यात ही गोष्ट सगळीकडे घडली आहे. अक्षर छापायला निकामी ठरलेल्या या यंत्रांना दाब देता येत होता, आणि फॉइलला दाबच तर हवा असतो. शाईची थाळी आणि रूळ काढून टाकले, ब्लॉकच्या मागे हीटरची प्लेट बसवली, फॉइलचा रोल सरकवायची जोडणी केली. ब्लॉक हैदराबादहून यायचे. ज्या यंत्रानं शाईत आयुष्य काढलं त्याला म्हातारपणी शाईचा थेंब लागेनासा झाला. अण्णा खूश होते. पूड बंद झाली होती.

आता हे फॉइल म्हणजे काय, ते सांगतो, कारण गटातल्या बायांनीही मला हाच प्रश्न विचारला, "त्याच्यात सोनं किती असतंय?"

सोनं नसतंच. बारा मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टरची फिल्म असते. तिच्यावर आधी मेणासारखा एक थर, जो तापला की सुटतो. त्यावर रंगीत लाखेचा थर. त्यावर निर्वात भांड्यात वाफ करून बसवलेलं ॲल्युमिनियम, इतकं पातळ की सोन्याचा वर्खही त्याच्यापुढे जाड वाटावा. आणि सगळ्यात वर, कागदाला टेकणाऱ्या बाजूला, गरम झालं की चिकटणारा थर. तापलेला ब्लॉक मागून दाबला की अक्षराच्या आकाराएवढं हे सगळं फिल्मवरून सुटतं आणि कागदावर बसतं. चमक ॲल्युमिनियमची, पिवळेपणा लाखेचा. लाख तांबूस केली की तांबं, रंग दिलाच नाही तर चांदी.

अक्काच्या एका जावेनं हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दसऱ्याचंच सोनं." मला हे इतकं पटलं की मी नंतर काही समजावलंच नाही. आपट्याचं पान हातावर ठेवून आपण सोनं घ्या म्हणतो, समोरचा घेतो, फसवलं म्हणून कुणी पोलिसात जात नाही.

पैठणची गोष्ट याला लागूनच आहे. पैठणीची जुनी जर म्हणजे चांदीची तार, तिच्यावर सोन्याचं पाणी. आजही मागणीप्रमाणे चांगली जर मिळते, किंमत मोजायची तयारी हवी. पण संभाजीनगरच्या गुलमंडीवर जी सेमी पैठणी दोन-चार हजारांत मिळते, तिच्या काठातली जर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम चढवलेल्या पॉलिएस्टर फिल्मच्या बारीक कापलेल्या पट्ट्यांची असते. म्हणजे फॉइलचीच मावसबहीण. अक्काच्या लग्नातली पैठणी असलीच होती. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असेल.

वाळूजच्या कारखान्यात मी जे काम करतो त्यात ट्रेडलचा धीमेपणा नाही. तिथं कोल्ड फॉइल चालतं. नावाप्रमाणेच त्यात उष्णता नाही. अक्षराच्या आकारात यूव्ही चिकटा छापायचा, त्यावर फॉइल टेकवायचं, दिव्याखालून काढलं की चिकटा क्षणात घट्ट होतो आणि फिल्म सोलून निघते. ब्लॉक नको, हीटर नको, लेबलाचा रोल छापता छापता त्याच दमात मिनिटाला पन्नास-शंभर मीटरच्या वेगानं सोनं चढतं. त्यावरून पुन्हा पारदर्शक रंग छापला की हिरवं सोनं, जांभळं सोनं, काय म्हणाल ते. ठसा मात्र उठत नाही. बोट फिरवलं तर सपाट. अक्काला जे हाताला लागायला हवं होतं, ते यात येत नाही.

फॉइल इतकं का वाढलं याचं तांत्रिक कारण हेच आहे, वेगळा टप्पा राहिला नाही की वेगळा खर्चही फारसा राहत नाही. पूर्वी अत्तर, दारू आणि लग्नपत्रिका एवढ्यांनाच परवडणारी गोष्ट आता येसूर मसाल्याच्या पुडीवर, उदबत्तीवर, गावठी तुपाच्या बरणीवर, इतकंच काय, लग्नात वाटायच्या पाण्याच्या छोट्या बाटलीवरही दिसते. क्रांती चौकातल्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानात मसाल्यांच्या फळीसमोर उभे राहा. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की सगळी फळी एकदम लुकलुकते आणि कुठलंच पाकीट वेगळं दिसत नाही. मग ज्याला वेगळं दिसायचंय तो खाकी कागद आणि काळी शाई घेऊन येतो आणि त्याचे दुप्पट पैसे लावतो. पण तो शहरातला असतो. त्याला साधं दिसणं परवडतं.

खेड्यातल्या माणसाला ते परवडत नाही, हे मला अक्कामुळे कळलं. तहसीलमध्ये कामाला जायचं असलं की आमचे दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात. मिरवायला नाही हो. चुरगळलेल्या शर्टाला कारकून "काय पाहिजे?" म्हणतो आणि इस्त्रीच्या शर्टाला "बसा." बायांना लेबलावर सोनं हवं होतं ते या इस्त्रीसाठी. त्यांच्या हळदीला दुकानदारानं बसा म्हणावं, एवढंच.

दाजींना मात्र सोनेरी लेबल मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं ओसरीवर बसून त्यांनी तासभर मांडलं, आणि त्याला कारण होतं. 2020 च्या जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी झाल्या, त्या वर्षी दाजींनीही दोन पिशव्या पेरल्या होत्या. पिशवी देखणी, वर लखलखता होलोग्राम. होलोग्राम म्हणजे फॉइलचाच प्रकार. सूक्ष्म रेघांचा ठसा असलेली फिल्म, गरम करून दाबलेली किंवा स्टिकर म्हणून चिकटवलेली. नक्कल करणं अवघड म्हणून ती असली मालाची खूण. दाजींच्या रानात चाराण्यालाही उगवण झाली नाही. पंचनामा झाला, अर्ज झाले, दुबार पेरणी घरच्या बियाण्यावर झाली. ती पिशवी नकली होती की असली पिशवीतलं बी मेलेलं होतं, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पिशवी अजून त्यांच्या माळवदाच्या खुंटीला आहे. त्यात ते वीजबिलं ठेवतात.

"असली ती काय चमकती व्हय?" ते म्हणाले. अक्का आतून म्हणाली, "तुमची हळद ढोलात कशाला घालता मग?"

याला उत्तर नव्हतं. शिजवून वाळवलेली हळद काळपट, खरबरीत असते, वर मुळ्यांची साल. ती लोखंडी ढोलात तासभर फिरवली की घासून पिवळी, गुळगुळीत होते. बिनपॉलिश हळद बाजारात नेली तर व्यापारी हातात घेऊन टाकून देतो. आत कुर्कुमिन तेवढंच असतं. म्हणजे चमकवल्याशिवाय दाजींचा मालही कुणी घेत नव्हता, फक्त त्यांच्या चमकेला वजन होतं आणि ती ढोलातून निघायची.

लेबलाची गंमत पुढे आहे. पाच हजार लेबलं आमच्या कारखान्याच्या दारातही उभी करणार नाहीत, तिथं लाखांत बोलतात. म्हणून मी परभणीला गेलो. अण्णांचं ट्रेडल त्यांच्या जुन्या मशीनमननं घेतलंय. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. सत्तरी गाठली, एका कानानं ऐकू येत नाही, पण मशीनच्या आवाजात बदल झाला तर तो त्यांना त्याच कानानं कळतो.

पहिल्या नमुन्यातच घोळ झाला तो माझ्यामुळे. पिवळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी 'हळद'. पडद्यावर सुंदर, छापल्यावर अदृश्य. पाऊचला आतली हळद दिसावी म्हणून खिडकी ठेवली होती, तिच्या शेजारी फॉइल आजारी दिसत होतं. खऱ्या हळदीच्या पिवळ्यापुढे कुठलंही सोनं टिकत नाही. मग पार्श्वभूमी कुंकवासारखी गडद तांबडी केली. बायांना वजन आणि किंमतही सोनेरी हवी होती, तिथं मी ऐकलं नाही. वेष्टनबंद वस्तूंचे 2011 चे नियम आहेत, मजकूर स्पष्ट आणि पार्श्वभूमीहून ठळक वेगळ्या रंगात हवा. फॉइल आरशासारखं. एका कोनातून झगझगतं, दुसऱ्या कोनातून काळं. अन्नपरवान्याचा 14 आकडी नंबर त्यात कोण वाचणार? बारकोडचा तर प्रश्नच नाही, स्कॅनर त्यात स्वतःचाच उजेड पाहत बसतो. ते सगळं पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत गेलं. मागच्या बाजूला.

मग उरला ळ.

मॅग्नेशियमचा ब्लॉक आला, चाचांनी शंभर-सव्वाशे अंशांवर तापवला, तांबड्या मॅट लॅमिनेशनच्या शीटवर पहिला दाब दिला. ह आला, द आला, मधे एक सोन्याचा गोळा. ळ चे दोन डोळे मिटून गेले होते. फॉइलची ही जुनी खोड आहे. ताप जास्त झाला, किंवा दाब जरा जास्त वेळ राहिला, की चिकटा पसरतो आणि अक्षराच्या पोटातली बारीक जागा भरून येते. रोमन अक्षरांना हा त्रास कमी, आपल्याकडे ळ, क्ष, ष, भ, सगळी पोटं असलेली मंडळी. ताप कमी करावा तर ह ची शेपटी तुटायची. चाचा वाकून बघत म्हणाले, "अण्णा भी इसी कू रोते थे. हौले पकाना पडता."

तोवर दोनशे लेबलं गेली होती. चाचांनी मशीन थांबवलं. ब्लॉकखालचं पॅकिंग काढलं, शेपटीच्या जागेखाली टिश्यू कागदाचे दोन बारीक तुकडे चिकटवले, बाकीचा भाग तेवढाच सैल सोडला. यालाच मेकरेडी म्हणतात, आणि हे काम वाळूजच्या कुठल्या यंत्राला येत नाही. ताप दहा अंश उतरवला. पुन्हा दाब. ळ नं डोळे उघडले. मी त्या दिवशी चाचांच्या हाताचा फोटो काढला आहे. बोटांत सोनेरी काहीच नव्हतं, कोरडी स्वच्छ बोटं. अण्णांची नखं मला आठवली, पण चाचांना ते सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांनीही ती पूड माझ्याइतकीच खाल्ली आहे.

लेबलं गावात पोचली तेव्हा दुपार होती. बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे. कुणी पंचाईत केली नाही, कुणी किती खर्च झाला विचारलं नाही. एकीनं पदराला बोट पुसलं आणि नावावरून हळूच फिरवलं. मग दुसरीनं. अशी ती शीट अकरा जणींतून फिरली. मॅट लॅमिनेशन होतं म्हणून बरं, पिवळे ठसे नंतर ओल्या फडक्यानं निघाले. अक्का मात्र लांब उभी होती. मी म्हणालो, तू नाही का बघत? "मी ट्रेडलवरच वाढलेय," ती म्हणाली. थोड्या वेळानं सगळ्या आत गेल्यावर तिनंही फिरवलंच.

हळद विकली जातेय. फार नाही, फार कमीही नाही. नांदेडच्या एका दुकानदारानं पुढच्या खेपेला अर्धा किलोचं पाकीट मागितलंय.

फॉइलबद्दल एक गोष्ट फार कुणी बोलत नाही. लेबलावर जातं ते थोडं, वाया जाते ती फिल्म जास्त. बारा मायक्रॉनचं पॉलिएस्टर, त्यात अधूनमधून उरलेला धातू, रंग, चिकटा. भंगारवाला हात लावत नाही. वाळूजला त्याचे बोचके बांधून गाडीत भरतात आणि पुढचं मी कधी विचारलेलं नाही. चाचांच्या दुकानातली गुंडाळी मी जाताना गाडीत टाकली, कारण दाजींनी मागवली होती. कशाला, ते जानेवारीत हुरड्याला गेलो तेव्हा कळलं.

ज्वारी दुधात आली होती. पाखरं थव्यानं. पूर्वी दाजी रानात कॅसेटची फीत ताणायचे, वाऱ्यावर तिचा भर्र आवाज यायचा. कॅसेटी आता मिळत नाहीत. त्या जागी बांधापासून बांधापर्यंत फॉइलच्या पट्ट्या ताणलेल्या होत्या, आणि सगळं रान लग्नघरासारखं झगमगत होतं. जवळ गेलो तर प्रत्येक पट्टीवर ओळीनं हळद, हळद, हळद. सोनं लेबलावर गेलेलं, मागं अक्षराच्या आकाराची पारदर्शक खिडकी उरलेली, तिच्यातून ज्वारीची कणसं दिसत होती. ळ च्या खिडकीत मात्र सोन्याचे दोन बारीक ठिपके तसेच होते. जिथं ब्लॉक टेकला नव्हता, तेवढं सोनं फिल्मवरच राहिलं होतं.

विहिरीकडच्या पहिल्या पट्टीत ते ठिपके नव्हते. ती पहिली दोनशे लेबलं. दाजींना दाखवलं, तर ते म्हणाले, "पाखरं तिलाबी भेत्यात."